सत्काराची शाल आणि वैशालीचा गुडघा

“एसीएल पूर्ण तुटलंय,” असं म्हणत डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. मला त्यात ढग दिसले. माझ्या बायकोला, वैशालीला, बहुतेक सगळं कळलं होतं, कारण तिने एकच प्रश्न विचारला, “पुन्हा खेळता येईल?”

“आधी पाय सरळ होऊ द्या. मग चाला. खेळण्याचं त्यानंतर बोलू.”

एसीएल म्हणजे अँटीरिअर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्यात जागच्या जागी धरून ठेवणारा दोरीसारखा पट्टा. तो तुटला तरी माणूस सरळ चालू शकतो, पण वळताना गुडघा निसटतो. आणि फुटबॉलमध्ये वळण्यावाचून दुसरं असतं काय? मेनिस्कसही फाटलं होतं, म्हणजे दोन हाडांमधली कुर्चेची गादी.

आदल्या रविवारी देवळाली कॅम्पला हौशी महिला संघांच्या चषकाचा अंतिम सामना होता. वैशाली चौतीस वर्षांची. आठवडाभर बँकेत असते आणि रविवारी स्ट्रायकर. संघ एका गोलने मागे होता, वेळ संपत आली होती. ती बॉल घेऊन एकटी गोलकडे निघाली, गोलकीपरला चकवायला वळली आणि कोणाचाही धक्का न लागता खाली बसली. ओरडलीसुद्धा नाही. बाकीच्या साऱ्या जणी सामना सोडून तिच्याकडे धावल्या. आम्ही हरलो.

इथवर नशीब. पुढचं आमचं कर्तृत्व.

प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, आणि उपविजेत्या संघातल्या प्रत्येकीचा सत्कार त्यांच्याच हस्ते व्हायचा होता. निवेदकाने माइकवर जाहीर करून टाकलं, “आपली जखमी वाघीण स्वतः व्यासपीठावर येत आहे!” संघाचे कोच तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, “कोणी हलवायचं नाही तिला. आधी गाडी बोलवा.” पण वैशालीच उठायला लागली. “चालते मी, सर. एवढं सगळे थांबलेत.” मीही तिला थांबवलं नाही. टाळ्या वाजत असताना थांबवणं भल्याभल्यांना जमत नाही. दोन मैत्रिणींच्या खांद्यांवर हात टाकून ती चढली, आणि वरच्या पायरीवर गुडघा पुन्हा निसटला. शाल, श्रीफळ, फोटो हे सगळं मात्र पार पडलं. फोटोत ती हसते आहे.

“गादी मैदानात फाटली की पायरीवर, हे मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण मुरगळलेल्या गुडघ्यावर कोणाला उभं करू नका. पाहुणे कोणीही असोत.”

तुमच्या घरात कोणी खेळत असेल तर एवढंच लक्षात ठेवा. पायाला आधार द्या, बर्फ लावा, उचलून गाडीत घाला. ‘चालून बघ’ म्हणू नका.

सूज उतरेपर्यंत शस्त्रक्रिया करत नाहीत, त्यामुळे आधी नुसती वाट पाहणं होतं. नंतर आर्थ्रोस्कोपी झाली, म्हणजे बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया. ग्राफ्ट म्हणून तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून तुटलेल्या पट्ट्याच्या जागी बसवली. गादीला टाके घातले. बाहेरच्या बाकावर माझ्या सासूबाई होत्या. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती आहे. डॉक्टरांनी समजावल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजी इथलं रोप उपटून तिथं लावलं. मंग धरल का नाय, ते थोड्या दिवसांनीच कळल ना?”

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाले. मी आठवडाभर वाचून एवढंच समजून घेतलं होतं.

घरी आल्यावर गुडघा सरळ होईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, “टाचेखाली जाड गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. हळूहळू खाली येईल.” टॉवेल दबून जायचा. सासूबाईंनी कपाटातून ती शाल काढली. वैशालीने तोंड फिरवलं. “ती नको. टाकून द्या.”

“अगं, चांगली घट्ट हाय. ती काय तुझ्या टाचेला भाषण करायला लावती का?”

वैशाली त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. सत्काराची शाल पांघरण्याच्या कामाची नसते, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. टाचेखाली ती उत्तम बसते. संघातल्या मुली भेटायला आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या शाली घेऊन हजर झाल्या. “ताई, ह्या पण घ्या. आमच्या घरी नुसत्या पडल्यात.” उपविजेतेपद आमच्या दिवाणावर ढिगाने पडलं होतं.

रोज संध्याकाळी गुंडाळी काढून मी तिच्या गुडघ्याखाली हात सरकवून बघायचो. आधी मूठ जायची. मग पंजा. मग नुसती बोटं. व्यायामाच्या वेळी ती उशी दातात धरायची आणि मी खिडकीबाहेर बघायचो. एकदा तिने विचारलं, “मी वळले नसते तर गोल झाला असता?”

“नाही. गोलकीपर पुढे आली होती.”

“तुला फुटबॉलमधलं कधीपासून कळायला लागलं?”

आणि एका संध्याकाळी हात गेला नाही.

“काय झालं?” तिने घाबरून विचारलं.

“जागाच नाही,” मी म्हणालो. मग तिने स्वतःचा हात घालून बघितला. तोही गेला नाही.

ऋतू बदलले. तिने कुबडी सोडली, जिने चढली, धावली. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हलक्या सरावाची परवानगी दिली. सामन्याचं विचारलं तर अजूनही “बघू” म्हणतात. त्यांचं हे न फुगवता बोलणं, सासूबाईंचं रोप, मुलींच्या शाली, या सगळ्यांचं ऋण आहे. मी ते कोणत्याही व्यासपीठावरून व्यक्त करणार नाही.

रविवारी मैदानावर तिने मला गोलमध्ये उभं केलं. ती बॉल घेऊन आली. वळायची जागा आली तेव्हा कडेला कोच सर दोन पावलं पुढे आले. ती क्षणभर थबकली आणि वळली.

बॉल कुठून गेला, मला माहीत नाही. मी तिच्या गुडघ्याकडे बघत होतो.