विवाहाच्या जागी दहावा

"आजी, पोरगी जित्ती हाय माझी!"

धायरीहून आलेला नवरीचा बाप पत्रिका माझ्या नाकासमोर धरून ओरडत होता. लाल कागद, वर सोनेरी गणपती आणि खाली कुणा कैलासवासी म्हाताऱ्याच्या दहाव्याचं निमंत्रण.

"दिसतंय," मी म्हटलं. "बसा. ओरडून शाई पुसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पत्रिका त्याला गावच्या देवापुढे ठेवायची होती. त्या हंगामात त्याच्या भावकीत आणखीही लग्नं होती, आणि सगळी छपाई नारायण पेठेतल्या आमच्या प्रेसकडे येणार होती. म्हणजे आतापर्यंत तरी येणार होती.

आमच्याकडे संगणक तीन, तिन्ही वेगळ्या जातींचे. मुलगा मॅकवर पत्रिका मांडतो. सून विंडोजवर गिऱ्हाइकांच्या फाइली घेते. छपाईच्या मशीनचा संगणक लिनक्सवर चालतो, कारण ते फुकट. तिघांच्या मधे एक चौथा, त्याला सर्व्हर म्हणायचं. एकाने त्यात फाइल टाकायची, दुसऱ्याने काढायची. घरात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की निरोपाला शेजारीण लागते, तसा तो.

हे टाकण्या-काढण्याचं सॉफ्टवेअर मुलाने इंटरनेटवरून फुकटच उतरवलं होतं. त्याला मराठी नाव समजत नसे. अक्षर दिसलं की तिथे आडवी रेघ. 'श्री विवाह' आणि 'श्री दहावा' ही नावं नेमकी सारख्या लांबीची. सारख्याच रेघा आल्या, दोन्ही फाइलींचं नाव एकच झालं, आणि मागून आलेल्या दहाव्याने विवाह पुसून टाकला. मुलाने न वाचता छापलं.

"दहाव्याच्या पत्रावर श्री घालतात का रे?"

"अगं आई, पत्रावर नाही घातलं, फाइलच्या नावात घातलं. सवयीने."

"सवयीने! माणूस गेल्याचंही भान नाही. दहाव्याला श्री नसतं तर रेघा कमी पडल्या असत्या, नाव वेगळं राहिलं असतं."

मुलगा म्हणाला, "विवाहाची मूळ फाइल माझ्या मॅकवर आहे. इंग्रजी नाव देतो, तासाभरात पत्रिका छापून होतील."

"माझ्या व्हतील," नवरीचा बाप म्हणाला, "पर भावाच्या पोरीच्या पत्रिकेवर कुणाचा दहावा निघंल? मला हितं दाखवा सुधारून. नायतर बाकीची लग्नं दुसरीकडं."

"मराठी नावं बंदच करू," मुलगा म्हणाला.

"गिऱ्हाइकांना कोण सांगणार? तुम्ही?" सून म्हणाली. "ती मंडळी वाण्याची यादीसुद्धा श्री घातल्याशिवाय लिहीत नाहीत."

मग नव्या सॉफ्टवेअरची निवड सुरू झाली. मुलाच्या मनात एक विकतचं होतं. पडद्यावर रंगीत चौकोन, बटणं, हिरवे दिवे. मी म्हटलं, "दत्तजयंतीचा मांडव दिसतोय." पंधरा दिवस फुकट वापरायला मिळत होतं, म्हणून बसवलं. विंडोजशी ते गोड बोललं, मॅकला ताटकळत ठेवलं आणि लिनक्सला दारातच उभं केलं.

"ह्ये आमच्या व्याह्यासारखं हाय," नवरीचा बाप म्हणाला. राग थोडा उतरला होता. सुनेने चहा दिला होता, तोही आलं घालून.

दुसरं सुनेच्या माहितीतलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, शोभा शून्य. तिने 'श्री विवाह' आणि 'श्री दहावा' अशा दोन फाइली केल्या. एक मॅकवरून पाठवली, एक विंडोजवरून. मशीनच्या संगणकावर जाऊन बघितलं. दोन्ही होत्या, आपापल्या नावाने, शेजारी शेजारी.

"पुन्हा करा," नवरीचा बाप म्हणाला. सुनेने पुन्हा केलं. मग त्याने स्वतः बोट ठेवून दोन्ही नावं मोठ्याने वाचली.

"हेच ठेव," मी मुलाला सांगितलं.

"दिसायला अगदीच भिकार आहे गं."

"तुला त्याच्याशी लग्न करायचंय का?"

दिवेलागणीला पत्रिका तयार झाल्या. नवरीच्या बापाने गठ्ठ्यातली मधलीच एक ओढून शेवटपर्यंत वाचली, खिशात घातली आणि भावाला फोन लावला. "हितंच दे," एवढंच बोलला.

मुलीचं लग्न वेळेवर लागलं. दहाव्याचे गृहस्थ त्यांचं पत्र आमच्याकडे यायच्या आधीच गेलेले होते. बाकी नवरीचा बाप, मुलगा, सून आणि मी, चौघेही जिवंत आहोत.