अर्धी दाढी

पंचवटीत आमच्या गल्लीत झुंबरचं सलून आहे. एक खुर्ची, एक बाक, एक आरसा. महापालिकेची निवडणूक लागली की दाढी राहते बाजूला, "झुंबर, तू कोणाचा?" हाच धोशा. तो म्हणायचा, "अजून ठरत नाही हो." आणि खरंच ठरत नव्हतं! पण विश्वास ठेवतो कोण? छत्रीवाल्यांना तो कपबशीचा वाटे, कपबशीवाल्यांना छत्रीचा. अरे, माणसाला विचार करायला जरा सवड द्याल की नाही?

बरं, बोलायचं म्हटलं तर इकडे आड तिकडे विहीर. मागच्या खेपेला पलीकडच्या सलूनवाल्याने तोंड उघडलं आणि निम्मं गिऱ्हाईक तुटलं. झुंबरचं घर तर या एका खुर्चीवर चालतं.

त्या दिवशी धुतलेले टॉवेल संपले होते. सकाळी छत्रीवाली पोरं आपला एक गमछा खुंटीला अडकवून गेलेली. झुंबरचा हात सवयीने खुंटीकडे गेला आणि तोच गमछा त्याने मल्हारीच्या गळ्याभोवती खोचला. मल्हारी म्हणजे कपबशीचा कार्यकर्ता, घसा फुटेस्तोवर घोषणा देणारा! एक गाल झाल्यावर त्याने डोळे उघडले. आरशात बघतो तर छातीवर ही मोठी छत्री.

"म्हणजे तू त्यांचाच! उद्यापासून आमचं एक माणूस इथली पायरी चढणार नाही!"

गमछा भिरकावून, दुसऱ्या गालावर फेस तसाच घेऊन तो तरातरा निघून गेला. झुंबर मटकन माझ्या शेजारी बाकावर बसला. "संपलं दुकान," म्हणाला. मला मल्हारीचा असा संताप आला म्हणून सांगू!

पण अर्धी दाढी घेऊन जाणार कुठे? एकाने सुरू केलेली दाढी दुसरा कारागीर हातात घेत नाही, आमच्याकडे रीतच आहे. दोन दुकानांतून परत पाठवल्यावर स्वारी मुकाट्याने खुर्चीत येऊन बसली. मी बाकावर झोपेचं सोंग घेतलं. म्हटलं, बघू आता काय बोलतो.

झुंबरने खिशातला स्वतःचा रुमाल झटकून त्याच्या गळ्याला लावला आणि नवं पातं घातलं.

"झुंबर," मल्हारी हळूच म्हणाला, "तुझं खरंच ठरलं नाही?"

"नाही ना. देवाशप्पथ."

झुंबर फेसावरून पातं फिरवू लागला.

"माझंही नाही रे," मल्हारी म्हणाला. "पण मी कुठं बोलू?"

"इथं बोललात ना," झुंबर म्हणाला. "आता हलू नका, लागेल."