गोदामामागचा चंद्र

त्याला सगळे कासव म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्याने पाठीवर पडून काढली. गलबताच्या पोटाखाली चिखलात उताणं व्हायचं, फळ्यांच्या सांध्यांत सुताचा पीळ ठोकून बसवायचा आणि वरून डांबर भरायचं. डाव्या हातात छिन्नी, उजव्यात लाकडी मोगरी. मी शेजारच्या गलबतावर सुतारकाम करायचो. माझं काम उभ्याने चाले. पण त्याच्या कामाला मी कधी सोपं म्हटलं नाही. डोक्यावरच्या फळीवर हात वर करून मोगरी मारत राहावं, मग बोलावं.

गलबत खुंटांना बांधलेलं असे. भरतीला तरंगे, ओहोटीला खालच्या तुळयांवर बसे. ते बसलं की कासव आत सरके आणि पाणी चढायच्या आत बाहेर येई. त्याचा एक गुडघा वाकत नव्हता. आत तो आपला आपण जाई, बाहेर मात्र त्याची बायको त्याला पाय धरून ओढी. ती आम्हा सगळ्यांची वहिनी. डांबराच्या चुलीशी ती खाडीपलीकडे, पूर्वेकडे तोंड करून बसे.

कारण आमच्या किनाऱ्यावर चंद्र उगवतो तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं. तो दिसला की पाणी परत निघालं म्हणून समजायचं. चंद्र रोज थोडा उशिरा येतो, पाणीही तेवढंच उशिरा. त्यामुळे घड्याळ कुणी बाळगत नव्हतं.

"आला!" वहिनी ओरडे.

"कोण? तुझा भाऊ?" आतून आवाज येई.

"त्याला काय धाड भरलीय इथं यायला? चंद्र आला. निघा आता."

रोज हेच. आणि रोज हसायचेही सगळे.

त्या महिन्यात पलीकडच्या काठावर गोदामाची भिंत उभी राहत होती. अमावस्येला ती माणसाच्या कमरेइतकी होती. अमावस्येचा चंद्र सूर्याबरोबरच उगवतो, दिसत नाही. तेव्हा सूर्य वर आला की कासव बाहेर. ते दिवस बिनघोर गेले. पुढे कोर वाढत अर्धी झाली. अर्ध्या चंद्राला पाणी धड उतरत नाही, धड चढत नाही. गलबताचं बूड ओलंच राहतं. काम बंद. आम्ही पलीकडची भिंत चढताना बघत बसायचो.

"बरं झालं," आमचा मुकादम म्हणाला. "सकाळचं ऊन तरी अडेल."

अर्ध्यावरून चंद्र भरू लागला तसं काम परत सुरू झालं. आता तो दुपारी उगवे. निळ्या आकाशात खडूचं बोट पुसावं तसा फिका. पण वहिनीची नजर तीक्ष्ण, तिला तो दिसे. पहिल्याच दिवशी कासव बाहेर आला तेव्हा त्याची पाठ भिजलेली होती.

"आज पाण्याने घाई केली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो खांद्यापर्यंत भिजला. त्याच्या पुढच्या दिवशी कानात पाणी गेलं. तो थुंकला आणि म्हणाला, "हे पाणी लबाड झालंय." कुणी वाऱ्याला दोष दिला, कुणी खाडीतल्या गाळाला. सगळ्यांनी पाण्यालाच नावं ठेवली. चंद्रावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. तो चुकतो असं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. भिंत रोज डोळ्यांसमोर वाढत होती आणि तिच्या वरून चंद्र निघत होता.

पौर्णिमेच्या भरतीला गलबत सोडायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मधल्या तुळईजवळचा शेवटचा सांधा उरला. कासव पार आत सरकला. बाहेर फक्त त्याचे तळवे दिसत होते. सूर्य मावळायला आला. पलीकडे गोदामावर पत्रे चढले होते.

"मेला आज कुठं तोंड काळं करतोय?" वहिनी म्हणाली.

"भरलेला चंद्र जड असतो, वहिनी," मुकादम म्हणाला. "सावकाश येणार."

ती हसली नाही. तिने मान वळवून खाडीकडे पाहिलं. नांगरलेल्या होड्या ओहोटीत जमिनीकडे तोंड करून असतात. त्या सगळ्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. पाणी कधीच फिरलं होतं.

"अहो, निघा!"

आतून मोगरीचा आवाज चालूच होता. पण तो कोरड्या फळीचा टणक ठोका नव्हता. पाण्यात कुणी थोपटावं तसा होता. ठोकताना त्याला काही ऐकू जात नसे. वहिनी चिखलात धावली, मी मागून. तिने एक पाय धरला, मी दुसरा. चिखल सोडत नव्हता. तेवढ्यात खाडीतून एक लाँच गेली. तिच्या लाटेने गलबत तुळयांवरून जरासं उचललं आणि खाली ठेवलं. आवाज फार मोठा झाला नाही.

पुढच्या लाटेला ते पुन्हा उचललं तेव्हा आम्ही त्याला ओढून काढलं. तो जिवंत होता. डावा हात सगळ्यात शेवटी आला. त्या हाताने पुन्हा छिन्नी धरता येणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागला नाही.

मग गोदामाच्या पत्र्यांवरून चंद्र वर आला. मोठा, पिवळा, शांत. पाणी तेव्हा आमच्या कमरेला होतं. चंद्र रोज वेळेवर येत होता. आम्हाला तो उशिरा दिसत होता.

कुणी "आला" म्हटलं नाही.

कासवाला दुसरं काम येत नव्हतं आणि घर त्याच्याच कामावर चालत होतं. पुढच्या अमावस्येनंतर नवं गलबत खुंटांना लागलं तेव्हा वहिनीने पदर खोचला आणि मोगरी उचलली. एवढी वर्षं चुलीशी बसून ती चंद्राइतकीच त्याच्या हातांकडेही बघत आली होती.

आता चुलीशी कासव बसतो. पूर्वेकडे पाठ करून. वहिनीच्या पायाला दोर असतो, त्याचं दुसरं टोक त्याच्या उजव्या मुठीत. नजर नांगरलेल्या होड्यांवर.

परवा मी सहज तिकडे गेलो होतो. गोदामावर आणखी एक मजला चढतोय. खाडीत एक होडी हळूच वळू लागली. मग दुसरी.

"फिरल्या!" कासव ओरडला.

"कोण? तुमच्या बहिणी?" आतून आवाज आला.

तो हसला नाही. मोगरीचे ठोके चालूच होते. त्याने दोर मनगटाला गुंडाळला आणि ओढायला लागला.