मुलगी बघायचा कार्यक्रम, मुक्काम ल्वारकाठ

काही सहलींचे फोटो उरतात, आमच्या त्या सहलीचे नुसते किस्से उरलेत. म्हणजे फोटो आहेत, पण सगळ्यांत आम्ही मास्क लावून उभे आणि मागे किल्ला. कुठला किल्ला ते विचारू नका. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने लांबच्या लांब किल्ल्यांची रांग लागलीय आणि आम्ही ते एका वीकेंडमध्ये उरकले. त्यामुळे आता चौघं जेवायला बसलो की एकच किस्सा चार वेगवेगळ्या किल्ल्यांत घडतो. राहुल म्हणतो शनिवारी, मी म्हणते शुक्रवारी, मंदार गप्प बसतो आणि गौरी म्हणते, "मी तिथे होते का?" तर मी आपली मला आठवतं तसं सांगते. बहुतेक माझंच बरोबर असतं.

राहुल माझा नवरा. आम्ही नेदरलँड्समध्ये हार्लेमला राहतो. मंदार राहुलचा कॉलेजमधला ज्युनिअर, बेस्ट नावाच्या डच गावात इंजिनिअर. मशीनच्या आत काय बिघडलंय ते बाहेरून ओळखेल, पण स्वतःच्या मनातलं काही सांगायचं म्हटलं की याला खोकला येतो. करोनामुळे दोन वर्षं भारतात जाता आलं नव्हतं आणि पुण्यात त्याच्या आई मुलींच्या पत्रिका जमवत बसल्या होत्या. गौरी मला ऑनलाइन डच क्लासमध्ये भेटली, आर्नहेमला वीज कंपनीत कामाला. मी दोघांची गाठ घालून द्यायचं ठरवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

*

पहिला प्रयत्न हार्लेमला, आमच्या घरी. पण तेव्हा नियम असा की घरी एका वेळी एकच पाहुणा बोलवायचा. आता मुलगा बोलावला तर मुलगी नाही आणि मुलगी बोलावली तर मुलगा नाही. शेवटी गौरीला आत बसवलं आणि मंदारला खिडकीबाहेर रस्त्यावर उभं केलं. पोह्यांची बशी खिडकीतून दिली.

मी लिंबू आणायला स्वयंपाकघरात गेले, परत आले तर खिडकीत नुसती बशी. मंदार गायब. गौरी म्हणाली, "तुमच्या शेजारच्या आजींनी त्यांच्या हातात एक खोकं दिलं आणि ते गेले."

आजींनी त्याला पार्सलवाला समजून परत पाठवायचं पार्सल दिलं होतं. आणि हा खरंच पार्सलच्या दुकानात रांग लावून ते देऊन आला! मी विचारलं, "अरे, सांगायचं ना त्यांना, मी पाहुणा आहे म्हणून?"

"वहिनी, त्या खूप घाईत होत्या," मंदार म्हणाला.

*

उन्हाळ्यात लशी झाल्या, सीमा उघडल्या. त्याच सुमारास गौरीचा फोन आला. आर्नहेमचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर होती. सोमवारी सकाळी त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. "मेधाताई, इथे थांबायला तसं काही कारण नाही," ती म्हणाली आणि जरा थांबली. मी मंदारला तेच सांगितलं. तो खोकला.

म्हणून ही सहल. शुक्रवार ते रविवार, एका गाडीत चौघं. तेवढ्यात या मुलाने बोलायला हवं होतं.

मंदारच्या आईंना, म्हणजे काकूंना, त्याने सांगितलं की मुलीबरोबर किल्ले बघायला चाललोय. काकूंच्या डोळ्यांपुढे सिंहगड आला. त्यांनी मंदारमार्फत गौरीला निरोप धाडला की बूट मजबूत घाल, लिंबू-साखर जवळ ठेव, हातात काठी आणि डोक्याला टॉर्च असू दे. गौरीने होणाऱ्या सासूचा असेल कदाचित, म्हणून निरोप तंतोतंत पाळला. पहिल्याच किल्ल्याच्या दारात झुंबरं, गालिचे, भिंतभर चित्रं, आणि आमची मुलगी हेडटॉर्च लावून उभी.

काठी आत न्यायला बंदी होती, ती दारावर ठेवून घेतली. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर आठवलं की ती तिथेच राहिली. काठी कुठल्या किल्ल्यात आहे यावर आजही एकमत नाही.

*

प्रत्येक दारात लशीचा क्यूआर दाखवायचा. एका ठिकाणी दारावरच्या माणसाने इंग्रजीत विचारलं की तुम्ही एकाच घरातले का, म्हणजे एकत्र सोडायचं की अंतर ठेवून. राहुलने आमच्या दोघांकडे बोट दाखवून सांगितलं, नवरा-बायको. मग त्या माणसाने गौरीला मंदारकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे?"

मंदारला खोकला आला. त्या काळात रांगेत खोकणं म्हणजे काय! मागची सगळी रांग दोन पावलं मागे सरकली.

गौरी शांतपणे म्हणाली, "नॉट डिसायडेड येट."

त्या माणसाने गंभीरपणे मान डोलावली आणि त्या दोघांना वेगवेगळं सोडलं.

*

आता जिन्याचा प्रकार. एका किल्ल्यात एकमेकांभोवती गुंडाळलेले दोन जिने आहेत. एकाने चढणारा दुसऱ्याने चढणाऱ्याला मधल्या खिडक्यांतून दिसतो, पण भेटत नाही. मोठी प्रसिद्ध गोष्ट आहे म्हणे. आम्हाला आधी माहीत नव्हती. शिवाय करोनाचे बाण लावलेले, एका जिन्याने फक्त वर, दुसऱ्याने फक्त खाली.

मी मुद्दाम राहुलला चित्रांत गुंतवलं आणि या दोघांना पुढे पाठवलं. थोड्या वेळाने बघते तर मंदार वर जातोय आणि गौरी खाली येतेय. ती खिडकीतून म्हणाली, "तिथेच थांबा, मी येते." हा थांबला. पण त्याच्यापर्यंत यायला तिला आधी तळाला उतरून पुन्हा चढायचं होतं. तेवढ्यात मागून फ्रेंच आजोबांचा एक ग्रुप आला, आणि मंदारने त्यांना वाट द्यावी म्हणून स्वतःच वर जाणं पसंत केलं. ती वर पोचली तेव्हा हा दुसऱ्या जिन्याने तिला शोधत खाली.

राहुल तळाशी बाकावर बसून बघत होता. म्हणाला, "लग्न झालेलंच आहे की यांचं."

शेवटी दोघं भेटले ते बाहेर पार्किंगमध्ये. गौरी दमलेली. "तुम्ही थांबत का नाही?" तिने विचारलं. मंदारने बाणांकडे, म्हणजे जिथे बाण होते त्या दिशेला, हात केला. ती गाडीत जाऊन बसली. मला तेव्हा वाटलं, गेली ही पुण्याला. वाईट वाटलं मला. पोरगी खरंच गोड होती, आणि हा गाढव तिच्याकडे चोरून बघत होता ते मला दिसत होतं.

*

काकूंचा व्हिडिओ कॉल शनिवारी दुपारी मंदारच्या फोनवर आला आणि त्याने फोन माझ्याच हातात दिला. आम्ही एका किल्ल्याच्या बागेत होतो. त्या बागेत चौकोनी वाफ्यांत चक्क भाज्या लावल्यात, रंगसंगती साधून. रांग लागलेली, म्हणून मास्क तोंडावर.

"कोबी शोभेला लावलाय?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"मग खातं कोण?"

मी फोन पुढच्या वाफ्याकडे वळवला. काकूंनी वांगी मागितली, वांगी दाखवली. पलीकडून काका भोपळा दाखवा म्हणाले. भोपळा झाला, मिरच्या झाल्या. मी फोन फिरवत होते, गौरी आणि मंदार वाफ्याच्या दोन टोकांना उभे होते. कॉल संपला.

दहा मिनिटांत मंदारला काकूंचा मेसेज, "मुलगी पसंत आहे. मोकळी आहे, भाज्यांची आवड दिसते. वयाने जरा मोठी वाटते, पण चालेल."

फोन माझ्या हातात होता. काकूंनी मधूनमधून मलाच पाहिलं होतं.

राहुल उरलेला दिवस माझ्याशी अदबीने बोलत होता.

*

रविवार. शेवटचा किल्ला, संध्याकाळी परत निघायचं. मंदारने अजून एक शब्द काढलेला नव्हता. सकाळी नाश्त्याला मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, उद्या ती कळवणार आहे त्यांना." तो म्हणाला, "वहिनी, नाही म्हणाली तर?" एवढंच.

किल्ल्याच्या एका कोपऱ्यात छोटं प्रार्थनाघर होतं. आत मेणबत्त्या, मूर्ती. राहुलने सवयीने दारात बूट काढले. देवाची जागा, म्हणून आम्ही बाकीच्या तिघांनीही काढले आणि मोज्यांनी आत गेलो. गौरी लवकर बाहेर पडली. आम्ही तिघं निवांत काचेवरची चित्रं बघत बसलो.

बाहेर आलो तर दारात बुटांचा ढीग! आमच्या मागून आलेल्या लोकांनी आमचे बूट पाहिले आणि हा करोनाचा नवा नियम समजून आपलेही काढले. त्या वर्षी कोणीही काहीही नियम म्हणून करायला तयार होतं. आजीआजोबा भिंतीला धरून एका पायावर उभे, पोरांच्या मोज्यांतून अंगठे बाहेर. किल्ल्याचा रखवालदार हा नियम कधी आला ते पाहायला भिंतीवरच्या पाट्या वाचत होता.

राहुलचे बूट मिळाले, माझे मिळाले. मंदारचे मिळेनात.

सगळे शोधायला लागले. एका बाईंनी स्वतःच्या नवऱ्याचे देऊ केले. रखवालदार फार अस्वस्थ झाला. म्हणाला, या किल्ल्यात असं कधी झालेलं नाही, पोलिसांना बोलवू का? मंदार मोज्यांवर उभा, रडवेला. मला राग आला, दया आली, सगळंच आलं.

गौरी पलीकडे बागेच्या बाकावर बसली होती, सॅक मांडीवर घेऊन. सॅक फुगलेली. चेनमधून एक लेस बाहेर लोंबत होती. राहुलने मला कोपर मारलं.

मंदारला सगळ्यात शेवटी दिसलं. तो खडीवरून पाय उचलत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"गौरी, माझे बूट?"

"हे काम खरं तर नवरीच्या बहिणीचं," गौरी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, मास्कच्या वरही दिसत होता. "मला बहीण नाही. म्हटलं आपणच उरकावं."

मंदार खोकला नाही. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. काकू होत्या. त्याने गडबडीत स्पीकर लावला.

"काय रे, ठरलं का काही?"

"आई, माझे बूट गेले."

"गेले म्हणजे? कोणी नेले?"

"गौरीने."

मग काकू फोन तसाच ठेवून आत धावल्या, आणि रखवालदार माझ्याजवळ येऊन पुन्हा पोलिसांचं विचारत असतानाच पुण्याहून त्यांचा आवाज त्या बागेत सगळ्यांना ऐकू आला, "अहो, उठा! मंदारचे बूट पळवले!"