शेट, तांबं मोजायचं किट माझ्याकडं आहे

आपल्या संभाजीनगरात समुद्र नाय. टाकीत पाळलेल्या समुद्री माशांसाठी खारं पाणी मी घरी बादलीत मीठ कालवून बनवते, म्हणून एकेका माशावर जीव लागतो.

आपण सगळे ज्या दुकानातून मासे घेतो, तिथल्या शेटनं मला मागं एक मासा दिला. "महिनाभर वेगळा ठेवलाय ताई, रोग नाय. बिनधास्त टाकीत सोडा." सोडला. आठवड्यात सगळ्या माशांवर पांढरे ठिपके, परजीवींचा रोग. फोन केला तर म्हणे, "तुम्ही लई टेन्शन घेता. ठिपके आपोआप जातात."

पाच मासे मेले. उरलेल्या एकाला वेगळ्या टाकीत घेऊन तांब्याचं औषध दिलं. पाण्यातलं तांबं रोज किटनं मोजावं लागतं. कमी पडलं तर परजीवी जगतात, जास्त झालं तर मासाच जातो. आज त्याच्या अंगावर एक ठिपका नाय.

आणि आजच दुपारी शेटचा फोन. "ताई, दुकानातल्या टाकीत ठिपके आलेत. आलेला माल आपण थेट त्यातच सोडतो ना. तुमचं किट द्या."

थेट त्यातच.

मी म्हटलं, "शेट, तुम्ही लई टेन्शन घेता. आपोआप जातात." आणि फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

शेट, तुम्ही या ग्रुपमध्ये आहात. किट दाराजवळ काढून ठेवलंय. मला दिलेला मासा एक दिवसही वेगळा ठेवला नव्हता, एवढं या पोस्टखाली लिहा आणि घेऊन जा.

मंडळी, मी जास्त मागतेय का? मासे त्यांचे आहेत, घाई त्यांनीच करावी.