शनिवारचा नारळ

तिघं सडेफटिंग एका खोलीत राहिले की किस्से साठतातच. आमचे सगळे एकाच पातेल्यात साठले! आज हसू येतं, पण तेव्हा जीव मुठीत धरून राहायचो, खोटं कशाला सांगू?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी, सटाण्याकडचा बागूल आणि केरळचा नायर, तिघंही अंबडच्या एका कंपनीत. खोली पंचवटीत, गुरुजींच्या माडीवर. आठ ठिकाणी नकार खाल्ल्यावर मिळालेली. पहिल्याच दिवशी गुरुजींनी बोट उगारलं, "अंड्याचं टरफल जरी दिसलं, तरी सामान रस्त्यावर!"

आणि नायरला दर रविवारी नारळाच्या दुधातली कोंबडी लागायची! एकदा त्यानं खाऊ घातली आणि मग आम्हालाही लागायला लागली.

*

नारळ कुठून? तर गुरुजींच्याच घरून! त्यांच्याकडे मारुतीच्या देवळाची पूजा. शनिवारी नारळ फुटायचे, अर्ध्या वाट्या घरी यायच्या. काकू, म्हणजे गुरुजींची बायको, जिन्याखालून हाक मारायच्या, "घ्या रे पोरांनो, प्रसादाचं खोबरं!"

मी एकदा म्हटलं, "नायर, देवाचं खोबरं कोंबडीत? फेडशील कुठं?"

नायर शांतपणे म्हणाला, "कोंबडी पण देवानेच केला ना?"

*

एकदा कोंबडी पिशवीत तळाशी आणि वर मेथीची जुडी, असा मी गल्लीत शिरलो. समोरून गुरुजी! तेवढ्यात एका गाईनं मेथीला तोंड घातलं आणि ओढायला लागली. मी पिशवी ओढतोय, गाय मेथी ओढतेय. गुरुजी ओरडले, "अरे, गोमातेच्या तोंडचा घास काढतोस? सोड ती पिशवी!"

सोडतो कसला! जुडी उपसून गाईपुढे टाकली आणि पिशवी छातीशी धरून पळत सुटलो. त्या दिवसापासून गुरुजी मला चिकट म्हणायचे. म्हणू देत!

*

नायरची पद्धत ठरलेली. खोबरं किसायचं, गरम पाण्यात कुस्करायचं, फडक्यातून पिळायचं. पहिलं दाट दूध बाजूला, दुसऱ्या पातळ दुधात कोंबडी शिजवायची, दाट दूध शेवटी. तोवर आम्ही दोघं उदबत्त्या फिरवायचो.

एका रविवारी कोंबडी रटरटतेय आणि जिन्यावर खडावांचा आवाज! "कसला रे वास? बघू तरी."

बागूल माझा दंड धरून पुटपुटला, "आते काय व्हई रे भाऊ?"

उघडाबंब नायर, कमरेला ओला पंचा, दारात आडवा झाला आणि गरजला, "गुरुजी, सोवळा! शिवू नका!"

गुरुजी तिसऱ्या पायरीवरूनच मागे फिरले. खाली काकूंना कौतुकानं सांगताना ऐकू आले, "मुलगा भलताच कर्मठ आहे हो!" काकूंना जोराचा ठसका लागला.

*

हाडांचं काम बागूलकडे. ती एका डब्यात भरून सोमवारी न्यायची आणि कंपनीमागे पुरायची. एका सोमवारी कँटीनमध्ये बागूलनं पिशवीत हात घातला आणि पांढराफटक पडला. पिशवीत जेवणाचा एकच डबा. दुसरा जिन्यातच राहिला होता!

संध्याकाळी धावतच परतलो. डबा जिन्याखालच्या खुंटीला अडकवलेला, झाकण घट्ट. खालच्या घरातून काकूंचा आवाज आला, "जिन्यात विसरला होतात रे."

उघडला असेल का? हात लावताना खुळखुळला तर असणारच! आठवडाभर आम्हाला अन्न गोड लागलं नाही. चाळीस वेळा ठरवलं, आपणच कबूल करावं, पण तोंड कोण उघडणार?

शनिवार आला. काकूंची खालून हाक आली नाही. त्याऐवजी जिना वाजला. वर्षभरात काकू पहिल्यांदाच माडीवर येत होत्या. गेली खोली! नायर गुपचूप वळकटी बांधायला लागला.

काकू दारात उभ्या राहिल्या. हात रिकामे. मागे वळून जिन्यात कोणी नाही ना बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "उद्या एकादशी आहे रे. तेवढा एक रविवार राहू द्या. नारळ पुढच्या शनिवारी देते."