झाडाला विचारून

माझे धाकटे दीर पालिकेच्या उद्यान खात्यात फांद्या छाटायच्या कामावर आहेत. शिडी लावण्याआधी ते बुंध्यावर तळहात ठेवतात, कोणती फांदी काढायची आणि का, हे झाडाला हळूच सांगतात आणि जरा थांबतात. त्यांचा देवधर्म काय तो एवढाच. खात्यात त्यांना ‘परवानगी’ म्हणतात. माझी जाऊ विचारते, “लग्नाआधी मला तरी इतकं विचारलं होतंत का?”

नवे साहेब आले आणि हे अंगाशी आलं. दिवसाला बारा झाडं व्हायला हवीत, यांची होत सात. शनिवारपर्यंत सुधारणा दिसली नाही तर गोदामात बदली, असं साहेबांनी बजावलं. बावीस वर्षं झाडांवर काढलेला माणूस फावडी आणि बादल्या मोजत कसा बसणार? दीर दोन दिवस धड जेवले नाहीत. जाऊ फोनवर करवादली, झाडांशी बोलतात तसं साहेबांशी बोलायला काय जातं?

गुरुवारी साहेब स्वतः घड्याळ बघत उभे राहिले. चपलांच्या दुकानासमोरचं झाड होतं. दोन मोठ्या फांद्या उतरवा, असा दुकानदाराचा अर्ज. दिरांनी बुंध्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, मिटलं आणि शिडी उचलून गाडीकडे निघाले.

झाड नाही म्हणालं की काय, साहेबांनी विचारलं.

“झाड कुठलं बोलतंय, साहेब. मलाच कारण सांगवेना. सांगवलं नाही की तो नकार धरायचा.”

“त्यात न सांगण्यासारखं काय आहे?”

“मग तुम्ही सांगा.”

ड्रायव्हर बघत नाही ना, याची खात्री करून साहेबांनी बुंध्यावर हात टेकला. “तुझ्या दोन फांद्या काढतोय,” ते पुटपुटले. “कारण यांची... यांची पाटी दिसत नाही.”

त्याच फांद्यांच्या सावलीत बाकावर बसून दोन गिऱ्हाइकं बूट घालून बघत होती. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी दुकानदाराला बोलावून पाटी हातभर खाली घ्यायला सांगितलं. ती दिरांनीच शिडी लावून उतरवून दिली.

आता साहेब प्रत्येक अर्ज कचेरीत मोठ्याने वाचतात. वाचताना जीभ अडखळली की अर्ज परत. बारा झाडं छाटायला उरतच नाहीत, त्यामुळे बदलीचा विषयही निघत नाही. जाऊ मात्र कुरकुरते: पूर्वी हे एकटेच उशिरा यायचे, आता साहेबांना चहाला घेऊन येतात आणि गवती चहाची पात तोडण्याआधी दोघं मिळून गॅलरीतल्या कुंडीपाशी कारण सांगत उभे राहतात.